एफएमच्या कामासाठी खिशाला परवडणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर शोधताना

सामुदायिक रेडिओचा ट्रान्समीटर सांभाळणाऱ्याचं बजेट काय असतं, हे त्यातल्यांना सांगायला नको. माइकला मंजुरी मिळते, मापनयंत्राला नाही. म्हणून अ‍ॅनलायझर स्वतःच्या पैशाने घ्यायचा आणि तो सॅकमध्ये मावला पाहिजे, एवढ्या दोनच अटी ठेवल्या.

कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकदीचा सिग्नल आहे ते हे यंत्र पडद्यावर दाखवतं. त्यावर काय मोजायचं ते पक्कं होतं. कॅरिअर, म्हणजे स्टेशनची मूळ लहर, जागेवर आहे का, सिग्नल शेजारच्या चॅनेलवर सांडतोय का आणि हार्मोनिक, म्हणजे तिच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवर उमटणारे नकोसे सिग्नल, किती दबलेत. एफएम बँड १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाच्या फ्रिक्वेन्सी सुरू होतात, त्यामुळे तिकडे काही निसटणं परवडणारं नाही. १०८ ची तिप्पट ३२४. म्हणजे ३५० पर्यंत नीट दिसलं तरी माझं भागतं. पुण्याच्या तापकीर गल्लीतला दुकानदार मात्र ऐकेना. "साहेब, गिगाहर्ट्झवाला घ्या, पुढेमागे वाय-फायलाही चालेल." मला वाय-फायशी काय करायचंय!

रिगोल कंपनीचा डीएसए८१५ हा अ‍ॅनलायझर चांगला, पण बॅटरी नाही आणि किंमत लाखाच्या घरात. तो बाद. मग मित्राचं आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) घेऊन पर्वतीवर लॅपटॉप उघडला. एका वेळी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा दिसतो, ते एकवेळ चालवून घेतलं असतं. पण ८ बिटांचं ते पिल्लू शहरातल्या सगळ्या स्टेशनांपुढे गांगरलं. १०२.३ ला एक ठळक सिग्नल दिसू लागला. दोन जोरदार स्टेशनांची भेसळ असेल म्हणून हिशोब केला: ९८.३ ची दुप्पट, त्यातून ९४.३ वजा, उत्तर १०२.३. गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतं ते, उतरवला तसा तो नाहीसा झाला. डोंगलच्या आतच तयार झालेलं भूत होतं ते.

शेवटी टायनीएसए या खिशात मावणाऱ्या अ‍ॅनलायझरचं साधं मॉडेल घेतलं. त्याचं कमी फ्रिक्वेन्सीचं इनपुट ३५० मेगाहर्ट्झपर्यंत चालतं. रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे जवळजवळचे सिग्नल किती बारकाईने वेगळे दिसतात ते, ३ किलोहर्ट्झच्या खाली फारशी जात नाही. मीडियम वेव्हचे साइडबँड (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंचे आवाजाचे पट्टे) बघायचे असतील तर २०० हर्ट्झपर्यंत उतरणारं त्याचंच अल्ट्रा मॉडेल घ्यावं, एफएमला याने अडत नाही. बाजारात नकला फार आहेत, त्यामुळे सोबतची छोटी केबल लावून दुकानातच सेल्फ टेस्ट करून घेतली.

ओळखीचे एक निवृत्त इंजिनिअर काका आहेत. ते म्हणाले, "यंत्राआधी अ‍ॅटेन्युएटर घे रे, नाहीतर पहिल्याच दिवशी जाळशील." अ‍ॅटेन्युएटर म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड. ट्रान्समीटरचे ५० वॉट म्हणजे ४७ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद). ताकदीचा छोटासा अंशच बाहेर देणाऱ्या ४० डीबीच्या कपलरमधूनही ७ डीबीएम येतात, आणि या यंत्राची सहनशक्ती त्याच्याच आसपास संपते. मध्ये २० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर घातला की उणे १३. आता निवांत.

तरीही पडद्यावर दिसणारा प्रत्येक हार्मोनिक ट्रान्समीटरचाच असतो असं नाही. जोरदार कॅरिअर आत शिरला की स्वस्त यंत्र स्वतःच हार्मोनिक तयार करतं. ते पकडायची युक्ती जुनी आहे. बाहेरून आणखी १० डीबी अ‍ॅटेन्युएशन घालायचं. सगळं १० नेच खाली आलं तर हार्मोनिक खरा. दुसरा २० ने आणि तिसरा ३० ने घसरला तर तो यंत्राचाच उद्योग. आमच्याकडे दुसरा हार्मोनिक पहिल्या नजरेला भयंकर दिसत होता, १० डीबी घातल्यावर तो जवळपास २० ने खाली आला. मग एफएम बँड अडवणारा नॉच फिल्टर मध्ये लावून कॅरिअर दाबला, तेव्हा कुठे खरा आकडा दिसला आणि तो मर्यादेत होता.

या यंत्राला कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे अधिकृत अहवालात हे आकडे मी लिहीत नाही. त्या कामाला भाड्याने मोठं यंत्र आणावं लागतं. आणि नॉच फिल्टर घेतलात तर हार्मोनिकच्या जागी तो स्वतः किती डीबी खातो ते आधी मोजून त्याच्यावर चिकटपट्टीने लिहून ठेवा. ९०.४ च्या स्टेशनसाठी १८०.८ आणि २७१.२ या दोन जागा पुरतात.