आमची वाटचाल: विकायच्या घराला रंग

डोंबिवलीत आम्ही रंगकाम सुरू केलं तेव्हा आमचं वर्ष म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे दोन-अडीच महिने आणि लग्नसराई. मी, धाकटा भाऊ आणि एक कारागीर. शिडी भाड्याची, ब्रश आणि खरवडायचे पत्रे तेवढे स्वतःचे.

विकायच्या घराचं पहिलं काम टिळकनगरमधल्या एका काकूंनी दिलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वन रूम किचन. मुलगा पुण्याला स्थायिक झालेला, त्याही तिकडेच निघालेल्या. घर बघायला माणसं यायची आणि स्वयंपाकघरापर्यंत न जाताच परत फिरायची. काकू म्हणाल्या, "अरे, घेणारा आपल्या आवडीचा रंग देणारच आहे. मग मी एवढा खर्च कशाला करू? पण घर असं उदासवाणं नको रे दिसायला." आमच्याकडे याला उत्तर नव्हतं. रंगवायचं तर सगळं घर खरवडून, पुट्टी भरून, दोन हात मारून. नाहीतर काहीच नाही, अशीच धंद्याची रीत होती.

त्या घरात आम्ही चार दिवस होतो. गॅसच्या मागची भिंत फोडणीच्या तेलाने पिवळी पडली होती, ती कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासली. तेलकट भिंतीवर थेट रंग मारला की डाग महिन्याभरात पुन्हा वर येतो. देव्हाऱ्यावरची काजळीही तशीच, तिथे आधी ऑइल प्रायमरचा, म्हणजे रंगाच्या खालच्या थराचा, हात लागतो. छताला मुलाने लहानपणी चिकटवलेले, अंधारात चमकणारे चांदण्यांचे स्टिकर होते. भावाने पहिला ओढला तर डिस्टेंपरचा पापुद्राच हातात आला. मग एकेक चांदणी ओल्या फडक्याने भिजवून, पत्र्याने अलगद सोडवली. काकू खाली उभ्या राहून त्या वाटीत गोळा करत होत्या.

हॉलमध्ये मात्र आम्ही चुकलो. खिळ्यांची भोकं लांबीने, म्हणजे भोकं-भेगा भरायच्या लगद्याने, बुजवली आणि जुना शेड नंबर शोधून तेवढ्यावरच रंग लावला. संध्याकाळी छान दिसलं. सकाळी खिडकीतून तिरका उजेड पडला आणि भिंतभर ठिगळं उठून दिसली. जुना रंग उन्हाने आणि धुराने उतरलेला असतो, त्यामुळे नंबर तोच असला तरी छटा तीच राहत नाही. शिवाय ताजी लांबी रंग शोषून घेते. तेव्हापासून लांबीवर प्रायमर मारायचा आणि रंग त्या एका भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्यायचा, हे ठरून गेलं. बाकीच्या तीन भिंती नुसत्या पुसल्या तरी चालतात. घराला नवी पुट्टी भरून रंग देण्यापेक्षा या पद्धतीत खर्च साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. स्वस्त काम म्हणजे कमी भिंती रंगवणं. घासणं, भरणं, सुकू देणं यात काटकसर केली तर ते काम स्वस्त नाही, वाया गेलेलं असतं.

एक गोष्ट सांगताना अजूनही जड जातं. एका एप्रिलमध्ये विकायला काढलेल्या फ्लॅटची पश्चिमेची भिंत क्षार फुटून पांढरी झाली होती. बाहेरच्या प्लास्टरला भेग आहे, हे मला कळत होतं. मालक म्हणाले, "फक्त झाकून द्या, महिन्यात व्यवहार होतोय." मी झाकून दिलं. जुलैत घर घेणाऱ्याचा फोन आला. भिंतीचे पोपडे त्यांच्या तान्ह्या बाळाच्या पाळण्यात पडत होते. त्या दोघांनी कर्ज काढून पहिलंच घर घेतलं होतं. ती भिंत आम्ही दिवाळीनंतर बाहेरून भेग भरून, आतून सुकवून, पदरच्या पैशांनी करून दिली. त्यानंतर ओल झाकायचं काम आम्ही घेतलेलं नाही. त्यापायी नियमित कामं देणारे दोन एजंट तुटले, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. ओल असेल तर आधी प्लंबिंग किंवा बाहेरची भेग, मग रंग. तेवढा वेळ नसेल तर भिंत आहे तशी ठेवा आणि घेणाऱ्याला सांगा. लोक सांगितलेली ओल समजून घेतात, लपवलेली नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये काही महिने सगळं बंद होतं. पण त्या सप्टेंबरपासून राज्य सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत 3 टक्क्यांनी आणि पुढे मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांनी कमी केलं, आणि जुन्या घरांचे अडकलेले व्यवहार हलले. त्या सात महिन्यांत आम्ही तिघांचे नऊ जण झालो. रिकाम्या घरांच्या किल्ल्या लोक आमच्याकडे निर्धास्त ठेवून जायचे.

हल्ली घर बघायला गेलो की मी आधी मुख्य दरवाजा आणि बेलच्या बटणाभोवतीचा हातांचा काळा डाग बघतो, मग बाथरूमचं छत, मग खिडक्यांच्या ग्रिल. गंजलेल्या ग्रिलला घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल प्रायमर, आणि वर एक हात ऑइल पेंट, एवढ्याने खोलीतला उजेडही वेगळा वाटतो. जुन्या इमारतींमध्ये दारांचा ऑइल पेंट कोरडा घासत नाही, पाणी लावूनच घासतो. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत किती शिसं असेल ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ती धूळ आमच्या कामावरच्या पोरांच्या छातीत जाते.

रंग शक्यतो सगळीकडे एकच फिका, म्हणजे अर्धे डबे उरत नाहीत. जो थोडा उरतो तो लहान डब्यात भरून, वर शेड नंबर आणि तारीख लिहून, मीटरच्या कपाटात ठेवून येतो. तो नवीन मालकासाठी असतो.