कांदा खाली, सॉसेज वर

मंगळवारी रात्री इथल्या रोटरी क्लबात मी पाहुणा वक्ता होतो. भाषण झालं, टाळ्या झाल्या आणि मी शालीशिवाय घरी आलो. श्रीफळ नाही, गुच्छ नाही, फायबरचा गणपती नाही. हातात फक्त एक ए-फोर कागद. तो आता फ्रिजवर चुंबकानं लावलाय आणि दूध काढायला गेलं की दर वेळी वाचला जातो. मला लिहायचंय त्या कागदाबद्दलच, पण आधी कांद्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. लासलगावजवळचा माणूस आहे, समजून घ्या.

बॅलराट हे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नपासून शंभरेक किलोमीटरवरचं गाव. कधीकाळी इथं सोनं सापडलं, आता थंडी सापडते. शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त प्लंबर राहतात. तोंडावर त्यांना सगळ्यांसारखी पहिल्या नावानं हाक मारतो, पण मनात ते काकाच. कुठल्या रंगाच्या झाकणाची कचराकुंडी कुठल्या आठवड्यात बाहेर काढायची, हे ज्ञान मला त्यांच्याकडूनच मिळालं. एकदा कुंपणावरून म्हणाले, "शनिवारी सकाळी मोकळा आहेस का? माणसं कमी पडताहेत." मला वाटलं सोफा हलवायचाय. निघाली रोटरी.

आता रोटरी म्हटल्यावर आमच्याकडे डोळ्यांसमोर काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर, बिल्डर, पेट्रोलपंपवाले. गाडीच्या काचेवर चाकाचं स्टिकर. शाळेला दिलेला वॉटर कूलर आणि कुलरपेक्षा मोठी देणगीदारांची पाटी. माझ्या वडिलांना त्या दारात कुणी उभं केलं नसतं असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. इथल्या क्लबात प्लंबर आहे, बस चालवणारा आहे, एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या बाई सांगत होत्या, नवरा सभासद होता तेव्हा त्या वर्षानुवर्षं फक्त सँडविच करायच्या. बायकांना सभासद करून घ्यायचं रोटरीनं जगभरासाठी मान्य केलं १९८९ मध्ये. म्हणजे माझ्या जन्मानंतर दोन वर्षांनी. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सगळं शहाणपण यांच्याकडे पहिल्यापासून नव्हतं.

तर शनिवार. हार्डवेअरच्या एका मोठ्या साखळी दुकानाच्या दारात तंबू, गॅसची लांब शेगडी, त्यावर सॉसेज. पावाच्या एका स्लाइसमध्ये तिरकं सॉसेज, परतलेला कांदा, वर सॉस. यातून जो पैसा सुटेल तो संस्थेचा. शाळा, फुटबॉल क्लब, अग्निशमनचे स्वयंसेवक, सगळे पाळी लावून हेच करतात. वर्षानुवर्षं अडीच डॉलर भाव होता, २०२२ मध्ये साडेतीन झाला तर त्याची राष्ट्रीय बातमी झाली. आमच्याकडे कांद्याचा भाव पडला की बातमी होते, इथं कांदा घातलेल्या पावाचा वाढला की होते.

सॉसेज गोमांसाचं. मी मटण खातो, कोंबडी खातो, हे खात नाही. तिथं उभं राहिल्यावर पोटात गोळा आला. चिमटा हातात दिला तर काय म्हणायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो. काकांनी काहीच विचारलं नाही. सुरी आणि फळी माझ्यासमोर ठेवली, पायानं कांद्याची गोणी सरकवली आणि म्हणाले, "हे तुझं खातं." तेव्हापासून आजतागायत मी कांद्यावर आहे. त्या पंगतीत मला शेगडीकडे कुणी कधी ढकललं नाही आणि का, हेही कुणी कधी बोलून दाखवलं नाही.

आता नियम. पहिल्या दिवशी मी कांदा सॉसेजच्या वर घातला. माणूस कुठेही घालेल तिथंच. शिक्षिकाबाईंनी हळूच माझा हात धरला. "कांदा खाली." मी विचारलं का. तर म्हणे, वरचा कांदा निसटून जमिनीवर पडतो आणि त्यावरून गिऱ्हाईक घसरतं. आधी पावावर कांदा अंथरायचा, मग सॉसेज. मला वाटलं नव्या माणसाची चेष्टा चाललीय. घरी येऊन शोधलं तर नोव्हेंबर २०१८ मध्ये खरोखरच दुकानानं ही सूचना काढली होती. देशभर गदारोळ झाला होता, पत्रकारांनी थेट पंतप्रधानांना विचारलं होतं, कांदा खाली की वर!

माझं डोकं फिरलं. आमच्या मार्केटात मोसमात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. लिलावाच्या वेळी पायाखाली कांदा, पात, सालं, चिखल असा थर असतो आणि त्यातून व्यापारी, हमाल, शेतकरी, चहावाला पोरगा हातात सहा ग्लास घेऊन पळत असतात. कांद्यावरून घसरलेला एकही माणूस मला आठवत नाही. कांद्यामुळे पडलेले शेतकरी पुष्कळ आठवतात. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा वडिलांचा फोन आला होता, त्या आवाजाचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्याची सूचना कुणी काढली नव्हती, की बाबांनो जपून, घसराल.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. थोडं चढ्या आवाजातच. ते म्हणाले, "मग हे क्लबात येऊन सांग. वक्ते मिळत नाहीत आम्हाला."

क्लबाच्या सभेबद्दल थोडक्यात. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे सहाला. आधी या भूमीच्या मूळ रहिवाशांचं स्मरण, मग जेवण, मग वक्ता, वीस मिनिटं. विसावं मिनिट उलटलं की अध्यक्ष घड्याळाकडे पाहत नाहीत, सरळ उठून उभे राहतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, परिचयाचा परिचय, असं काही नाही. आभारप्रदर्शन मात्र आहे, दोन वाक्यांचं. आणि 'सार्जंट' नावाचा एक गृहस्थ असतो. तो कुणालाही कशाहीबद्दल एक डॉलर दंड करतो आणि तो दंड डब्यात, म्हणजे पुन्हा सेवाकार्यात. भारत क्रिकेटमध्ये हरला तर मला दंड, जिंकला तर डबल. पहिल्यांदा मी खिशातून नाणं काढताना मनातून चिडलो होतो, हेही कबूल करतो. नंतर कळलं की दंड होत नाही तो माणूस अजून पाहुणाच असतो.

वक्ते नाना तऱ्हेचे. एका मंगळवारी निवृत्त डॉक्टर आले होते, विषय मोठ्या आतड्याचा कर्करोग. सरकारचे मोफत तपासणी संच घरोघरी टपालानं यायच्या कितीतरी आधी, १९८०च्या दशकापासून रोटरीवाले औषधांच्या दुकानांतून असे संच लोकांना देत आले आहेत. विष्ठेचा नमुना कसा घ्यायचा हे त्यांनी हातवारे करून दाखवलं, तेव्हा माझ्यापुढे नुकताच पाव्हलोव्हा नावाच्या इथल्या गोड पदार्थाचा तुकडा आला होता. आजूबाजूचे सत्तरीचे लोक चमचा न थांबवता खात होते. दुसऱ्या वेळी पॅसिफिक बेटावरच्या एका लहान मुलीबद्दल ऐकलं. तिला आईसकट शस्त्रक्रियेसाठी आणलं होतं आणि क्लबातल्या जोडप्यानं दोघींना दोन महिने घरी ठेवून घेतलं होतं. त्या जोडप्यातल्या बाईंनी सगळ्यात जास्त वेळ कशावर बोलावं, तर त्या आईला इथला भात आवडत नव्हता यावर.

इथं मला कुणीतरी नक्की विचारणार, भारतात असताना तू काय केलंस? काही नाही. पुण्यात आठ वर्षं होतो, एक रक्तदान शिबिर सोडलं तर शून्य. पण हिंजवडीला जाऊन-येऊन तीन तास रस्त्यात आणि शनिवारी सॉफ्टवेअरचं रिलीज असेल तर कुठला माणूस कुणाची सेवा करणार? इथं आठवड्याला अडतीस तास काम. अडतीस तासांत मीही समाजसेवक होतो. शिवाय आमच्याकडे क्लब लागत नाही. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा आमच्या गावातून भाकरी, चटणी आणि कांदे भरून टेम्पो गेला. घरोघरच्या भाकरी दोन तासांत जमल्या. मुलांसोबत काम करायचं म्हणून पोलिसांकडून तपासलेलं कार्ड काढा, आधी अर्ज भरा, फोटो द्या, असलं काही नव्हतं. (ते कार्ड मी इथं मुकाट्यानं काढलंय, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यापासून ते असायलाच हवं असंही मला वाटायला लागलंय. असो.)

तर माझं भाषण. त्यांना बहुधा ताजमहाल किंवा योग अपेक्षित होता. मी कांद्यावर बोललो. लाल, रांगडा आणि उन्हाळ यातला फरक. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने कसा ठेवतात, खालून वारा खेळावा म्हणून चाळ जमिनीपासून उचललेली का असते. लिलावात व्यापारी मूठभर कांदे उचलून, दाबून, एखादा चिरून, मिनिटाच्या आत अख्ख्या ट्रॅक्टरचा भाव कसा ठरवतो. प्रश्न भरपूर आले. बस चालवणाऱ्यानं विचारलं, "तुमच्याकडे खाली घालतात की वर?" सार्जंटनं त्याला दंड केला.

मग अध्यक्षांनी तो कागद दिला. म्हणाले, वक्त्यांना आम्ही भेटवस्तू देत नाही. तुझ्या नावे शंभर मुलांच्या पोलिओ डोसाइतके पैसे पाठवतो. गेट्स फाउंडेशन त्यात एकास दोन भर घालतं. आणि मग थोडं छाती काढूनच त्यांनी सांगितलं, की हे सगळं सुरू झालं ते आपल्या क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोरच्या एका अकाउंटंटमुळे. क्लेम रेनूफ. ते १९७८-७९ ला रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते, त्यांच्याच वेळच्या योजनेतून १९७९ ला फिलिपिन्समध्ये साठ लाख मुलांना डोस द्यायचं काम हाती घेतलं गेलं आणि पुढे १९८५ ला रोटरीनं जगभराचा पोलिओ अंगावर घेतला.

मी आभार मानायला उठलो होतो, पण तोंडातून निघाली तारीख. १३ जानेवारी २०११. भारतातला शेवटचा रुग्ण, हावड्याची एक लहान मुलगी. आणि त्याच वर्षी जुलैत रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले कल्याण बॅनर्जी, ते वापीचे, म्हणजे आमच्या नाशिकहून तीन-चार तासांवरचे. हे सांगायची काही गरज नव्हती. कुणी भारताला कमी लेखलं नव्हतं. पण बोललो, आणि बोलता बोलता आईवर आलो.

आई अंगणवाडी सेविका होती. डिसेंबर १९९५ ला पल्स पोलिओचा पहिला दिवस झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, डोसाच्या वयाच्या पुढे गेलेला, म्हणून मला निळा डबा धरायला नेलं होतं. आत बर्फाच्या पट्ट्या, मध्ये बाटल्या. बूथ शाळेच्या व्हरांड्यात. डोस झाला की पोराच्या डाव्या करंगळीला शाई. पुढच्या वर्षांत बूथ झाला की सोमवारपासून घरोघर फिरायचं आणि दारावर खडूनं खूण करायची. वीटभट्ट्या, ऊसतोडीचे अड्डे, शिवारातल्या वस्त्या. नंतर बाटल्यांवर एक गोल आला आणि गोलात चौकोन. चौकोन गोलाइतका काळपट झाला की बाटली उन्हानं वाया गेली असं समजायचं. आई प्रत्येक बाटली डोळ्याजवळ नेऊन तो चौकोन बघायची, चष्मा लागल्यावर चष्मा वर सारून. भत्ता किती मिळायचा विचारलं तर अजून हसते. तिला कुणी कागद दिला नाही. नारळही नाही, हेही सांगायला हवं, कारण सुरुवातीला मी नारळाची फार मिजास केलीय.

मी वीस मिनिटांच्या वर गेलो होतो. अध्यक्ष उभे राहिले नाहीत. नंतर सार्जंटनं दंड केलाच, दोन डॉलर.

बुधवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आईला कागद दाखवला. तिनं फोन नाकाशी धरला, त्यामुळे मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

"किती डोस म्हणालास?"

"शंभर."

"वीस डोसांची बाटली. म्हणजे पाचच बाटल्या. अरे, एका बूथचंसुद्धा व्हायचं नाही."

मी म्हटलं, दर आठवड्याला एक वक्ता असतो.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "आणि तो कांदा खाली घालतात म्हणालास ते कशाला रे?"

समजावून सांगितलं. घसरणं, जमीन, सूचना, पंतप्रधान. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की आतून वडील आले. त्यांना पुन्हा सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोणी कितीला पडते तिथं?"

शनिवारी माझी पाळी साडेसातची आहे. दोन गोण्या.