खाड्यांची वही

“मॅडम, यातल्या कुठल्या गोळ्या सोडल्या तर चालतील, तेवढं सांगा.”

रुग्णालयाच्या औषध विभागात मी बरीच वर्षं फार्मासिस्ट आहे, पण हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारल्याचं आठवत नाही. लोक विचारत नाहीत, गुपचूप सोडतात. डॉक्टरांनी विचारलं की “घेतो की वेळेवर” म्हणतात. परवडत नाही, हे दोन शब्द तपासणीच्या खोलीत तोंडातून निघत नाहीत. खरं तर आम्हीही विचारत नाही.

काका शहात्तर वर्षांचे. नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले. हातात कापडी पिशवी, तिच्यात औषधं आणि एक लांबोळकी वही. काउंटरवर गर्दी होती. “डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सोडू नका, काका,” हे माझं नेहमीचं उत्तर तयारच होतं. ते उत्तर बरोबर असतं आणि त्याचा कुणाला काही उपयोग नसतो. पण तोवर काकांनी वही उघडून माझ्याकडे सरकवली. मी काउंटर सहकाऱ्याकडे सोपवला आणि त्यांना आतल्या टेबलाशी घेऊन बसले.

प्रत्येक पानावर रकाने आखलेले. तारीख, औषध, घेतली की खाडा. खाडा लाल शाईत. मार्चपासून पुढे लाल रंग वाढत गेलेला. औषधांचा क्रम मात्र मला कळेना. सकाळ-संध्याकाळ नाही, आजारानुसारही नाही.

“किमतीनुसार लावलीत,” काका म्हणाले. “सगळ्यात महाग ते वर. खाडे वरून पाडत यायचे. खर्च कमी करायची साधी रीत आहे.”

पिशवीतून बारा औषधं निघाली. यादीत सगळ्यात वर होतं अ‍ॅपिक्साबॅन. काकांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. ती गुठळी होऊ नये म्हणून हे औषध. रक्तातून ते निम्मं उतरायला जेमतेम बारा तास लागतात, म्हणून दिवसातून दोनदा घ्यायचं. काका मार्चपासून फक्त सकाळची गोळी घेत होते. तळाला मल्टिव्हिटॅमिन. स्वस्त, म्हणून एकही खाडा नाही. नसतं घेतलं तरी काही बिघडलं नसतं, असं औषध त्यांनी न चुकता घेतलं होतं.

मी त्यांच्यावर रागावले नाही. ज्या माणसाला बारा औषधं लिहून दिली जातात आणि त्यातलं कुठलं कशासाठी आहे हे सांगितलं जात नाही, त्याच्याकडे क्रम लावायला किमतीशिवाय दुसरं काय असतं?

पुढचा तासभर मी ती वही वाचत बसले. पोलिसी तपासासारखं वाटायला लागलं.

मार्चमध्ये रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनचे खाडे सुरू. दिवसाआड गोळी. मे महिन्यात तपासणी, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांच्या दृष्टीने रुग्ण टेल्मिसार्टन रोज घेत होता आणि तरी दाब चढला होता, म्हणून त्यांनी दुसरी गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅमची १० केली. जुलैत पाय सुजले. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याशी सूज येणं जुनीच गोष्ट आहे, आणि डोस वाढला की ती जास्त दिसते. पण काका सूज दाखवायला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी लघवी वाढवून पाणी काढणारं फ्युरोसेमाइड दिलं. या सुजेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण पाणी शरीरात साठलेलं नसतं, बारीक धमन्या सैल पडल्यामुळे ते पायात झिरपलेलं असतं. ऑगस्टमध्ये रात्री चार-चारदा उठावं लागतं म्हणून तिसऱ्या ठिकाणी मूत्राशयासाठी ऑक्सिब्युटिनिन. सप्टेंबरमध्ये बद्धकोष्ठता, म्हणून लॅक्ट्युलोजचं पातळ औषध. ऑक्सिब्युटिनिनने तोंड कोरडं पडतं, शौचाला त्रास होतो आणि वयस्कर माणसाचं डोकं जरा धुकट होतं.

एक गोळी दिवसाआड वाचवली आणि तिच्यापायी तीन नवी औषधं विकत घेतली. याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात, हे नाव १९९०च्या दशकात पाउला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी रूढ केलं. एका औषधाचा त्रास नवा आजार समजायचा, त्यावर दुसरं औषध, त्याच्या त्रासावर तिसरं. पाठ्यपुस्तकात मी हे शिकले होते, पण तारीखवार लिहिलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

वही मिटताना माझी नजर सप्टेंबरच्या बेरजेवर गेली. चुकली होती. पुढच्या पानावर अजून एक चुकलेली. मी बोट ठेवलं. काका बराच वेळ बघत राहिले.

“वय झालं,” ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. मूत्राशयाची गोळी ऑगस्टअखेर सुरू झाली होती आणि त्याआधीच्या पानांवर एकही बेरीज चुकलेली नव्हती. वृद्धांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी अमेरिकी डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये केली. ती पुढेही सुधारून निघत राहिली, आणि २०२३ च्या यादीत ऑक्सिब्युटिनिनच्या गटातली औषधं आहेत. पण वयामुळे की गोळीमुळे, हे त्या टेबलाशी बसून ठरवण्यासारखं नव्हतं.

उरलेली पिशवी पटकन झाली. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध दोन खोक्यांत, दोन नावांनी, दोन डॉक्टरांचं. खोक्याचा रंग वेगळा म्हणून औषध वेगळं असणार, असं काका धरून चालले होते. म्हणून सांगते, मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा; औषध तिथे लिहिलेलं असतं. अ‍ॅस्पिरिनही होतं, कुणी आणि का दिलं ते कुणालाच ठाऊक नाही. आणि पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलच्या अर्ध्या-अर्ध्या गोळ्या एका डबीत, सुरीने कापलेल्या.

या कापण्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण सल्ला म्हणून तो फार फिरतो. मधोमध खाच असलेली साधी गोळी डॉक्टरांना विचारून अर्धी करता येते, आणि दुप्पट ताकदीची गोळी घेऊन अर्धी केली तर कधीकधी खरंच पैसे वाचतात. पण पॅन्टोप्राझोलवर आवरण असतं ते पोटातल्या आम्लापासून वाचायला. कापली की आवरण फुटतं आणि औषध आतड्यात पोहोचायच्या आधीच नासतं. काका महिनोन्महिने बहुधा खडूच गिळत होते. नावापुढे एसआर, एक्सआर असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तर कापूच नयेत. अपवाद असतात, पण ते घरी सुरीने शोधायचे नसतात.

दुपारी मी त्यांच्या मुख्य डॉक्टरांना फोन लावला. सुरुवातीला ते चिडले. रुग्णाने फसवल्यासारखं वाटलं असावं त्यांना. मग मी वहीतल्या तारखा वाचून दाखवल्या. पलीकडे शांतता. “पाठवा त्यांना वर. वही घेऊन.”

मी माझी यादी करून गेले होते, आणि सांगायला हवं, तिच्यातल्या दोन गोष्टी चुकीच्या निघाल्या. पहिली, पॅन्टोप्राझोलवर मी फुली मारली होती. डॉक्टरांनी ती खोडली. या वयात रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असताना पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून ते असू द्या, पण अख्खी गोळी. दुसरी, अ‍ॅपिक्साबॅन महाग, तर जुनं स्वस्त वॉरफरिन द्यावं, असं मी सुचवलं. त्यांनी विचारलं, “आणि आयएनआरच्या तपासण्या?” आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा. वॉरफरिनवर तो बहुतेकांत २ ते ३ च्या मध्ये ठेवावा लागतो, त्यासाठी वरचेवर रक्त द्यायचं, दरवेळी यायचं-जायचं, सोबत कुणीतरी हवं. गोळीची किंमत मी पाहिली होती, औषधाची नाही.

अ‍ॅस्पिरिन त्याच दिवशी बंद झालं. काकांना ना कधी हृदयविकाराचा झटका आलेला, ना स्टेंट, हे डॉक्टरांनी जुन्या कागदांत तपासलं. या दोन्हींपैकी काही असतं तर निर्णय वेगळा असता, म्हणून हे वाचून कुणी आपलं अ‍ॅस्पिरिन सोडू नये. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचं एक खोकं गेलं. मल्टिव्हिटॅमिन गेलं. टेल्मिसार्टन पुन्हा रोज, अ‍ॅम्लोडिपिन परत ५ वर. हृदयाची सोनोग्राफी चांगली होती, तेव्हा फ्युरोसेमाइड, मग मूत्राशयाची गोळी, मग पातळ औषध, असं एकेक करून, वजन आणि रक्तदाब बघत काढायचं ठरलं. एकदम सगळं नाही. काय काढल्याने काय झालं ते कळायला हवं.

खरेदीचा प्रश्न त्यानंतर आला, आणि माझ्या मते तो नंतरच यायला हवा. नको असलेलं औषध स्वस्तात मिळवण्यात काय अर्थ? टेल्मिसार्टन काका ठरावीक ब्रँडचंच घ्यायचे. मी जेनेरिक, म्हणजे तेच औषध ब्रँडच्या नावाशिवाय, काढून दिलं, बऱ्याच कमी किमतीत. त्यांनी खोकं उलटसुलट केलं. “यात वीस टक्के औषध कमी असतं म्हणतात.”

हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. जेनेरिकची मूळ औषधाशी तुलना करताना रक्तात पोहोचणाऱ्या प्रमाणाचं गुणोत्तर, त्यातल्या अनिश्चिततेसकट, ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसावं लागतं. लोक त्यातला ८० तेवढा उचलतात. पण सरासरी १०० च्या जवळ नसेल तर सगळा पट्टा त्या चौकटीत मावतच नाही. काकांना हे मी सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “म्हणजे चूक किती चालेल त्याची मर्यादा, घट नाही.” हिशेबी माणसाला समजावणं सोपं.

थायरॉइडच्या गोळीला मात्र मी हात लावला नाही. लेव्होथायरॉक्सिन जेनेरिक असायला हरकत नाही, पण एकाच कंपनीचं धरून ठेवावं. बदललंच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्यावी.

उरलं अ‍ॅपिक्साबॅन. त्यावर तेव्हा अजून पेटंट होतं. अशा वेळी विचारायची दारं असतात, फक्त ती विचारल्याशिवाय कुणी उघडत नाही. कंपनीची साहाय्य योजना, विमा असेल तर त्याच्या यादीत काय बसतं ते, रुग्णालयातल्या समाजसेवकांचा विभाग. मी काकांना तिथे घेऊन गेले. फॉर्ममध्ये उत्पन्न लिहिताना त्यांचा हात थांबला. मी उगाच खिडकीबाहेर बघत बसले.

सहा आठवड्यांनी ते आले. औषधं सहा उरली होती. घोटे बारीक झाले होते. अर्ज मंजूर झाला होता, निदान वर्षापुरता. वहीत आता क्रम बदलला होता. डॉक्टरांकडून प्रत्येक औषधासमोर ‘कशासाठी’ लिहून घेतलं होतं, आणि अ‍ॅपिक्साबॅन अजूनही पहिलंच होतं. बेरजा मी तपासल्या नाहीत, त्यांनीही दाखवल्या नाहीत.

मग त्यांनी पिशवीतून फ्युरोसेमाइडच्या दोन पट्ट्या आणि ऑक्सिब्युटिनिनचं अर्धं खोकं काढलं.

“हे परत घेता का?”

“नाही काका. एकदा बाहेर गेलेलं औषध दुसऱ्याला देता येत नाही. नष्ट करायला ठेवून घेते.”

ते क्षणभर थांबले. मग खिशातलं पेन काढून, तिथेच काउंटरवर वही टेकवून, दोन ओळी लिहिल्या. मी वाकून पाहिलं. फ्युरोसेमाइड, वीस गोळ्या. ऑक्सिब्युटिनिन, चौदा. आणि समोर, खाड्यांच्याच लाल शाईत: बुडीत खाती जमा.