हेलिकॉप्टरला ‘नको’ म्हणण्याचा हक्क

अमेरिकेत अपघाताच्या जागी हेलिकॉप्टर मागवायची पद्धत शिकताना एका नियमाशी माणूस अडखळतोच. पायलटला पेशंटबद्दल काही सांगायचं नाही. लहान मूल आहे की म्हातारं, शुद्धीवर आहे की नाही, काही म्हणजे काही नाही. कुठून कुठे जायचंय ते सांगून त्याला एवढंच विचारतात, की हवामान बघ आणि हो की नाही ते सांग. त्याने हो म्हटलं की मग पेशंटचं वजन कळवायचं, कारण त्यावर इंधनाचं गणित अवलंबून असतं. बहुतेक हवाई रुग्णवाहिका सेवांमध्ये हीच रीत आहे.

आपल्या कानांना हे निर्दयी वाटतं. आपल्याकडे "साहेब, पोरगं हातचं जातंय हो" या वाक्याने बंद खिडक्या उघडतात. पण नेमकं तेच वाक्य पायलटला ऐकवायचं नसतं. चार वर्षांचं मूल गाडीत अडकलंय असं कळलं की समोरचं धुकं विरळ दिसायला लागतं, ढग जरा वर गेल्यासारखे वाटतात. असे ‘जाऊन तर बघू’वाले पायलट आणि त्यांच्यासोबतचे लोक इथे अमेरिकेत पुष्कळ मेले. त्यातून हा नियम आला. २०१४ साली इथल्या विमान वाहतूक खात्याने हवाई रुग्णवाहिकांचे नियम आवळले आणि प्रत्येक उड्डाणाआधी धोक्याचं लेखी मोजमाप बंधनकारक केलं.

हेलिकॉप्टरमध्ये तिघं असतात: पायलट, फ्लाइट नर्स आणि फ्लाइट पॅरामेडिक. जायला तिघांचा होकार लागतो, न जायला एकाचा नकार पुरतो. एका कंपनीने हवामानामुळे नकार दिला आणि तुम्ही दुसरीला फोन लावलात, तर पहिलीने नकार दिलाय आणि का दिलाय हे आधी सांगावं लागतं. ते लपवून दारोदार फिरण्याला इथे फार वाईट समजतात.

मात्र चौथा नकार जमिनीवरच्या माणसाचा असतो, आणि मला सगळ्यात कौतुक त्याचं वाटतं. ग्रामीण अमेरिकेत हेलिकॉप्टर उतरवून घेणारे लोक बहुतेक वेळा गावच्या अग्निशमन दलातले स्वयंसेवक असतात. दिवसा कुणी सुतारकाम करतो, कुणी शाळेची बस चालवते. त्यातल्या एकाला उतरण्याच्या जागेचा प्रमुख नेमतात. तो रेडिओवर "थांबा, थांबा" म्हणाला किंवा त्याने डोक्यावर हातांची फुली करून हलवली, की तीन टनांचं यंत्र काही न विचारता वर निघून जातं. का थांबवलंस ते नंतर विचारतात, आणि तेही शिकण्यापुरतं.

आता मागवण्याबद्दल. हेलिकॉप्टर वेगवान असतं म्हणून वेळ वाचेलच असं नाही. उड्डाणाची तयारी आठ-दहा मिनिटं, येणं समजा पंधरा, उतरून पेशंट तपासून चढवणं आणखी पंधरा-वीस, आणि मग परतीचा प्रवास. बघता बघता तास होतो. योग्य हॉस्पिटल रस्त्याने अर्ध्या तासावर असेल तर साधी ॲम्ब्युलन्सच आधी पोचते. म्हणून निर्णय लवकर घ्यायचा असतो. चेपलेल्या मोटारीतून माणूस कापून काढायला वीस मिनिटं लागणार असतील, तर कटर चालू व्हायच्या आधी मागणी गेली पाहिजे. गरज नाही असं कळलं तर वाटेतून परत पाठवता येतं, त्याची लाज बाळगत नाहीत. उशिरा मागवलं तर मात्र पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये तयार आणि सगळे आभाळाकडे बघतायत, असा प्रकार होतो.

मागणी पायलटकडे नाही, कंपनीच्या फोनवरच्या माणसाकडे करतात. तेव्हा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश देतात, आणि सगळ्यात महागडी चूक तिथेच होते. वैमानिक साधारणपणे अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, फोनचा नकाशा मात्र नुसते दशांश अंश दाखवतो. ४० अंश १५.५० मिनिटं हा आकडा कुणी ४०.१५५० असा टाकला, तर हेलिकॉप्टर साडेअकरा किलोमीटर चुकतं. तोच १५ मिनिटं ५० सेकंद असा वाचला तर सहाशे मीटर चुकतं, आणि हे जास्त वाईट, कारण जागा जवळपास बरोबर वाटत राहते. म्हणून आकडा सांगण्याआधी तो कोणत्या पद्धतीचा आहे ते सांगतात, एकेक अंक सुटा उच्चारतात आणि पलीकडून परत म्हणवून घेतात. सोबत चौकाचं किंवा शाळेचं नाव, जमिनीवरून कोण बोलणार आणि कोणत्या रेडिओ चॅनलवर, पेशंट किती, त्यांचं वजन, जवळ रसायन सांडलंय का, दुसरं हेलिकॉप्टर येतंय का, हेही सांगायचं. वजन अंदाजे चालतं, पण खरं हवं. नातेवाइकांना विचारलं की ते सरळ दहा किलो कमी सांगतात, हा अनुभव दोन्ही देशांत सारखाच.

जागा किती लागते? सर्वसाधारण मोजमाप १०० फूट बाय १०० फूट. आपल्या हिशेबात नऊ गुंठ्यांहून किंचित जास्त. मोठ्या यंत्राला याहून जास्त. उतार पाच अंशांच्या आत, म्हणजे १०० फुटांत जास्तीत जास्त पावणेनऊ फूट. मग एक माणूस ती जागा चालत तपासतो, गाडीतून नाही. पत्र्याचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी, गवतात लपलेला खुंटा, पंख्याच्या वाऱ्याने उडेल असं सगळं उचलायचं. माती सुकी असेल तर बंबाने पाणी मारतात. तसं केलं नाही तर शेवटच्या पंधरा-वीस फुटांत धुरळ्याचा असा ढग उठतो की पायलटला जमीन दिसेनाशी होते. भुसभुशीत बर्फाचंही तेच.

पण खरा शत्रू म्हणजे तारा. याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे.

वरून तार दिसत नाही. ती जुनी झाली की राखाडी होते आणि जमिनीच्या रंगात मिसळून जाते. पायलट खांब शोधतो आणि दोन खांबांमध्ये तार असणारच असं धरून चालतो. पण झाडीत दडलेला खांब, एका घराकडे किंवा पंपाकडे गेलेली एकच लाइन, दरीवरून ओढलेली केबल या गोष्टी फक्त खाली उभ्या असलेल्या माणसाला कळतात. म्हणून जागेचा प्रमुख प्रत्येक बाजूला तोंड करून मान वर करतो आणि जमिनीपासून आभाळापर्यंत नजर फिरवतो. तारा सापडल्या की त्या कुठून कुठे जातात ते दिशांच्या नावाने सांगतो. डावीकडे-उजवीकडे म्हणायचं नाही, कारण डावीकडे म्हणजे कुणाच्या? यंत्र दिसायला लागल्यावर मात्र त्याच्या नाकासमोर बारा वाजलेत असं समजून बोलायचं: "आम्ही तुमच्या दोन वाजता आहोत." शक्य असेल तर तारांखाली गाडी उभी करून ठेवतात, म्हणजे त्या जागेला वरून दिसणारी खूण मिळते. बाकी काही विसरलं तरी चालेल, तार विसरायची नाही. "तारा नाहीत" हे वाक्यसुद्धा तोंडाने म्हणावं लागतं. गप्प बसणं म्हणजे नाहीत, असा अर्थ कुणी काढत नाही.

आणि हे आपल्याला परकं नाही. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या खाली आलं ते तारांमध्येच. सगळे वाचले.

रेडिओवरचं बोलणं साधारण असं असतं: "शाळेच्या मागचं मैदान. गवत, कोरडं, सपाट. पूर्वेला रस्त्याकडेने विजेची लाइन, उत्तर-दक्षिण, तीन खांब. पश्चिमेला मैदानाच्या दिव्यांचे दोन टॉवर, दिवे बंद. वारा वायव्येचा, मंद. कोपऱ्यांवर चार दिवे, पाचवा वायव्येला. मैदानात कुणी नाही." वीस सेकंद. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती. हे इथे मुद्दाम शिकवावं लागतं. पश्चिमेचा वारा म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं, एवढं म्हणून घेतो.

पाचवा दिवा वाऱ्याच्या बाजूला ठेवतात, कारण हेलिकॉप्टर शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि उडतं. खुणेला रस्त्यावरचे नारिंगी शंकू ठेवले तर ते वजनदार हवेत, नाहीतर तेच उडून पंख्यात जायचे. फ्लेअर, म्हणजे खुणेच्या जळत्या कांड्या, लावत नाहीत, गवत पेटतं. रात्री पायलटच्या डोळ्यांवर नाइट व्हिजन गॉगल असतो, म्हणून यंत्राच्या दिशेने बॅटरी किंवा गाडीचा झोत मारायचा नाही. जागा सापडली असं त्याने सांगितलं की बंबाचे चमकणारे दिवेही कमी करायचे. आणखी एक न सुचणारी गोष्ट: काही एलईडी दिवे त्या गॉगलमधून दिसतच नाहीत, कारण त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी गॉगलच्या फिल्टरबाहेर पडते. टॉवरवरचा लाल दिवा आपल्याला लखलखीत दिसतो, पायलटला तिथे अंधार. म्हणून टॉवर शब्दांत सांगायचा.

उतरायच्या शेवटच्या टप्प्यात रेडिओवर शांतता. धोका असेल तरच तोंड उघडायचं. बघे किमान २०० फुटांवर. जमिनीवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांवर साधा गॉगल, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली, टोप्या खिशात. घोडे-गाईंचा गोठा जवळ असेल तर तेही आधीच सांगायचं.

उतरलं म्हणून कुणी धावायचं नाही. क्रूने खूण करेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि जायचं ते समोरून, पायलटच्या नजरेतून. जमीन उताराची असेल तर खालच्या बाजूने, कारण वरच्या बाजूला पंखा जमिनीला जवळ येतो. पंखा मंदावतानाच धोका वाढतो: पाती लवतात आणि वाऱ्याच्या एका झुळकीने आणखी खाली येतात. सलाइनचा दांडा आडवा धरायचा. स्ट्रेचरवरची चादर आणि गादी पट्ट्याने आवळायची. शेपटीकडे कधीच नाही. मागचा पंखा फिरताना डोळ्यांना दिसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव त्यानेच घेतला. काही यंत्रांत स्ट्रेचर मागच्या दोन दारांतून चढवतात, म्हणजे काम शेपटीच्या दांड्याखालीच चालतं. तिथे क्रू पुढे आणि बाकीचे तिच्या मागे, चारपेक्षा जास्त माणसं नाहीत. दाराला फक्त क्रूच हात लावते. पेट्रोलने भिजलेले कपडे आधी काढायचे, बंद केबिनमध्ये त्या वाफेने पायलटचंच डोकं गरगरेल.

आता बिलाबद्दल, कारण गावाकडून "तिकडे म्हणे ॲम्ब्युलन्स म्हणून हेलिकॉप्टर येतं?" असं कुणी विचारलं की छाती फुगवायच्या आधी तेच आठवतं. इथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने काढलेल्या आकड्यांनुसार २०१७ मध्ये हेलिकॉप्टरच्या एका फेरीची मध्यक आकारणी ३६,४०० डॉलर होती, आणि खासगी विमा असलेल्यांच्या दोनतृतीयांशाहून जास्त फेऱ्या त्यांच्या विमा कंपनीशी करार नसलेल्या सेवांच्या होत्या. बेशुद्ध माणूस कंपनी कशी निवडणार? १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने विमाधारकांवरचा हा अचानक बिलाचा मारा बंद झाला, पण त्याला एवढी वर्षं लागली. मेरीलँडमध्ये पोलिसांची हेलिकॉप्टरं १९७० पासून जखमींना नेतात आणि त्यांचा खर्च वाहन नोंदणीच्या अधिभारातून येतो, म्हणजे दुसरा मार्ग होता. आपली १०८ तर २०१४ पासून फुकट धावते आहे. हे ऐकवल्यावर इथली मंडळी जरा गप्प होतात.

आणि जागा तयार करणं आपल्याला जमत नाही, हेही मला मान्य नाही. मंत्री येणार म्हटलं की साखर कारखान्याच्या मैदानावर एका रात्रीत चुन्याचा ‘एच’ उमटतो, टँकरने पाणी मारलं जातं, वाऱ्याची पिशवी फडकते, बांबू बांधून गर्दी अडवली जाते. शंभर फुटी चौकोनाची सगळी कला बांधकाम खात्याला आणि गावच्या पोलिसपाटलालाही पाठ आहे. फक्त ती कला जखमीसाठी कुणी वापरायला सांगितलेली नाही. ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू केली. मे २०२५ मध्ये केदारनाथला उतरताना तिची शेपटी मोडली, आतले तिघंही बचावले. एका अपघातावरून हसायचं कारण नाही, इथली यादी फार लांब आहे.

हेलिकॉप्टर दृष्टीआड झालं तरी काम संपत नाही. निदान पाच मिनिटं चौकोन तसाच मोकळा ठेवतात: दिवे चालू, रेडिओ त्याच चॅनलवर, बघे तिथेच मागे. इंजिनात काही बिघडलं किंवा पेशंटचं हृदय वाटेत थांबलं, तर पायलट याच नऊ गुंठ्यांकडे परत वळतो. पाच मिनिटांनी रेडिओवर सगळं ठीक असल्याचं कळतं, मग चार कोपऱ्यांचे दिवे उचलतात. वाऱ्याच्या बाजूचा पाचवा बहुतेक वेळा कुणीतरी विसरतं.