तुम्ही विचारलंत म्हणून: फोर्डच्या 'मॉडेल के'पाशी मी एवढा का रेंगाळतो

डेट्रॉइटला आमच्याकडे कुणी पाहुणे आले की मी त्यांना पिकेट अव्हेन्यूवरच्या जुन्या फोर्ड कारखान्यात नेतो. आता तिथे म्युझियम आहे. आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, की अहो सगळं जग इथे फोर्डची सगळ्यात गाजलेली गाडी मॉडेल टी बघायला येतं आणि तुम्ही या लांब नाकाच्या गाडीपाशी काय उभे राहता, ही तर फसलेली गाडी ना? मागच्या उन्हाळ्यात भाच्याने विचारलं, त्याआधी मंडळातल्या एका काकांनी. दर वेळी उभ्या उभ्या अर्धंमुर्धं सांगून होतं, म्हणून आज नीट लिहितोय.

ती लांब नाकाची गाडी म्हणजे फोर्डची मॉडेल के. १९०६ ला आली, १९०८ पर्यंत चालली. एका ओळीत सहा सिलिंडर, ४०५ क्युबिक इंच म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटरचं इंजिन, ४० हॉर्सपॉवर. किंमत आधी २,५०० डॉलर, पुढच्या वर्षी २,८००. त्याच सुमाराला त्याच कंपनीची चार सिलिंडरची छोटी मॉडेल एन ५०० डॉलरला जाहीर झाली आणि लवकरच ६०० ची झाली, म्हणजे एका 'के'च्या पैशात चार 'एन' घेऊन वर पैसे उरले असते! एकाच छपराखाली या दोन गाड्या का, यातच सगळी गोष्ट आहे.

फोर्ड मोटर कंपनी १९०३ ला सुरू झाली तेव्हा हेन्री फोर्डच्या पाठीशी पैसा होता तो अलेक्झांडर माल्कमसन या कोळशाच्या व्यापाऱ्याचा. दोघांचा हिस्सा सारखाच, साडेपंचवीस टक्के. माल्कमसनचं म्हणणं, पैसा श्रीमंतांच्या गाड्यांत आहे, मोठी गाडी करा महाग विका, आणि त्या वेळचा बाजार बघितला तर ते काही वेडगळ नव्हतं, बहुतेक कंपन्या त्याच वाटेने चालल्या होत्या. फोर्डला हवी होती हलकी, स्वस्त, पुष्कळांना परवडणारी गाडी. मॉडेल के ही माल्कमसनच्या बाजूची गाडी आणि मॉडेल एन फोर्डच्या.

मग १९०५ च्या शेवटी फोर्डने आणि जेम्स कझन्सने एक डाव टाकला. हा कझन्स म्हणजे माल्कमसनच्याच कोळशाच्या ऑफिसातला हिशेबनीस, मालकानेच त्याला फोर्डकडे लक्ष ठेवायला पाठवलेलं. त्यांनी फोर्ड मॅन्युफॅक्चरिंग नावाची वेगळी कंपनी काढली, ती 'एन'चे इंजिनचे भाग बनवणार आणि मूळ कंपनीला विकणार, म्हणजे स्वस्त गाडीचा नफा नव्या कंपनीत जाणार, आणि त्या नव्या कंपनीत माल्कमसनला जागाच नाही. त्याने एअरोकार नावाची स्वतःची गाड्यांची कंपनी काढली तेव्हा बाकीच्या भागीदारांशी आणखीच बिनसलं. जुलै १९०६ मध्ये त्याने आपला हिस्सा १,७५,००० डॉलरला विकून टाकला. त्याच महिन्यात कंपनीचे अध्यक्ष जॉन ग्रे वारले आणि फोर्ड अध्यक्ष झाला. मला माल्कमसनबद्दल खरंच वाईट वाटतं, कारण १९१९ ला फोर्डने उरलेल्या भागीदारांना पैसे देऊन मोकळं केलं तेव्हा एकट्या कझन्सच्या साधारण ११ टक्क्यांना तीन कोटी डॉलरच्या आसपास मिळाले, आणि माल्कमसनचा चौथा हिस्सा होता.

आता गाडीबद्दल. सहा सिलिंडरचं सुख काय, तर चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का बसतो, सहामध्ये दर एक-तृतीयांश फेऱ्याला, म्हणजे एक धक्का संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि गाडी ओढल्यासारखी न जाता वाहत जाते. शिवाय चारमध्ये पिस्टनच्या वरखाली होण्याने जो थरकाप राहतो तो सहामध्ये आपसात फिटतो. दुःख हे, की क्रँकशाफ्ट लांब होतो, आणि लांब शाफ्टला पीळ बसतो. ठराविक स्पीडला तो पीळ धक्क्यांच्या तालात आला की शाफ्ट तुटायचाच, इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसच्या पहिल्या सहा सिलिंडर गाडीला हाच त्रास झाला होता. इंग्लंडच्या नेपियर कंपनीने सहा सिलिंडर बाजारात चालवून दाखवलं त्याला जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा फोर्डने हे अंगावर घेतलं यालाच मी आधी दाद देतो.

आणि इंजिन कमजोर नव्हतं. जून १९०७ मध्ये डेट्रॉइटलाच, स्टेट फेअरग्राउंडच्या एक मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर फोर्डचा शर्यतीचा ड्रायव्हर फ्रँक कुलिक आणि त्याच्या साथीदाराने आळीपाळीने के रोडस्टर (दोघांची उघडी, हलकी के) चालवून २४ तासांत १,१३५ मैल काढले, तेव्हाचा विक्रम! तो काही दिवसच टिकला, कारण त्याच महिन्याच्या शेवटी नेपियर गाड्या विकणाऱ्या एस. एफ. एजने इंग्लंडला ब्रुकलँड्सच्या नव्याकोऱ्या काँक्रीटच्या ट्रॅकवर नेपियर एकट्याने चालवून १,५८१ मैल केले. पण काँक्रीट कुठे आणि घोड्यांच्या शर्यतीची माती कुठे. रात्रभर धूळ, दर मैलाला दोन वळणं, आणि तरी सरासरी ताशी ४७ मैल.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते गिअरबॉक्समध्ये. फोर्डने 'के'ला पण दोनच स्पीडचा प्लॅनेटरी गिअर दिला, स्वस्त गाड्यांना होता त्याच जातीचा. त्यात दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात म्हणून गिअर घासायची भीती नाही, बँड म्हणजे पट्टा ड्रमला आवळला की गाडी लो गिअरला जाते, नवशिक्यालाही जमतं. पण अशा बँडवर ४० हॉर्सपॉवर आणि वर चार-पाच माणसांच्या मोठ्या टूरिंग गाडीचं वजन टाकायचं म्हणजे बँड आणि ड्रम झिजणारच. आणि मोठ्या गाडीचं गिऱ्हाईक तीन-चार स्पीडचा गिअर मागणार. वर ऑक्टोबर १९०७ मध्ये अमेरिकेत बँका कोसळल्या, तेव्हा महाग गाडी घेणारा आधी हात आखडतो.

तरी 'फसली' हा शब्द मला मान्य नाही. के हजाराच्या आसपास खपल्या असं धरलं तर २५ लाख डॉलरच्या वरची विक्री झाली, आणि तिच्या मानाने पियर्स या श्रीमंतांसाठी गाड्या करणाऱ्या कंपनीची मोठी सहा सिलिंडर गाडी दुपटीहून महाग होती. म्हणजे महागांमध्ये ही स्वस्तच. तेव्हाच्या छोट्या कंपनीला हे पैसे नको होते का?

फोर्डने नंतर सहा सिलिंडरचं नाव टाकलं हे मात्र खरं. गाईच्या सडांपेक्षा जास्त स्पार्क प्लग (दर सिलिंडरला एक) असलेलं इंजिन नको, असं वाक्य त्याच्या नावावर सांगतात. पण १९३२ ला त्यानेच आठ सिलिंडरची व्ही-एट आणली, म्हणजे प्लगांशी त्याचं वाकडं नव्हतं, सहाशीच होतं. १९२९ पासून शेवरोले चार सिलिंडरच्या किमतीत सहा विकत होती तरी फोर्डची सहा सिलिंडरची कार परत आली ती थेट १९४१ ला. मला वाटतं त्याला त्या सहामध्ये कायम माल्कमसन दिसत असणार.

म्हणून आता आलात की आधी 'के'जवळ थांबू. खाली वाकून पेडल बघा, मग मॉडेल टीकडे जाऊन तिचीही बघा. दोन स्पीडचा तोच जुना गिअर आहे, बँडही तसेच. फक्त पुढे इंजिन २० हॉर्सपॉवरचं आहे आणि गाडी हलकी.