यरीहो ते यरुशलेम: दिवस मोजत चढायची वाट

यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली आहे आणि यरुशलेमला लागून असलेला जैतुनांचा डोंगर समुद्रसपाटीच्या वर ८०० मीटरच्या आसपास. एका दिवसात हजार मीटर चढ. यहुदी इतिहासकार योसेफसने पहिल्या शतकात हे अंतर १५० स्टेडिया, म्हणजे २७-२८ किलोमीटर, सांगितलं आणि मुलूख ओसाड नि खडकाळ असल्याचं लिहिलं. मुलूख अजून तसाच आहे.

यरुशलेमकडून यरीहोकडे उतरणारी वाडी केल्ट ही दरी बहुतेक गट वरून खाली उतरतात. ते सोपं पडतं. आम्ही खालून वर जातो. जुने यात्रेकरू सणासाठी यरुशलेमला असेच चढून जायचे, आणि माणूस मरणार आहे तर जगावं कसं, याबद्दल बायबल जे सांगतं ते या वाटेवर, याच क्रमाने वाचलं की नीट लागतं. पंढरीच्या वाटेची सवय असलेल्यांनी मात्र ध्यानात घ्यावं: इथे दिंडी नाही, पाण्याचा टँकर नाही, हाक मारून चहा पाजणारं कोणी नाही. माणशी चार लिटर पाणी पाठीवर घेऊनच निघायचं. वाटेत झरे आहेत, पण वरच्या वस्त्यांचं सांडपाणी या ओढ्यात उतरतं, म्हणून ते पाणी प्यायचं नाही.

पासपोर्ट आणि इस्रायलमध्ये शिरताना मिळालेली प्रवेशाची चिठ्ठी जवळ हवी. यरीहो पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आहे, पुढे तपासणी नाके लागतात. परिस्थिती दिवसागणिक बदलते, म्हणून आदल्या दिवशी स्थानिक वाटाड्याला विचारल्याशिवाय निघू नये.

वाचायला तीन गोष्टी पुरतात: बायबलातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाचे १२ अध्याय, स्तोत्रसंहितेतलं ९० वं स्तोत्र, आणि चढणीची म्हणून ओळखली जाणारी १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं. मोठ्या अक्षरात कागदावर छापून घ्यावीत. उन्हात फोनचा पडदा दिसत नाही आणि दरीत रेंज भरवशाची नसते.

दिवस निवडण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. उन्हाळ्यात यरीहोचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा चढ नकोच. फेब्रुवारी-मार्च उत्तम, पण तेव्हा पुराची भीती. पाऊस पडतो यरुशलेमकडच्या डोंगरावर, आणि दरीत डोक्यावर आकाश निरभ्र असताना लोंढा येतो. उघडा खडक पाणी धरत नाही, सगळं एकदम खाली येतं. वर पावसाचा अंदाज असेल तर बेत रद्द. याच महिन्यांत उतारांवर पातळ हिरवळ असते. पुढे वाळवंटाकडून गरम वारा सुटला की ती काही दिवसांत करपते. सकाळी उगवून संध्याकाळी सुकणारं ९० व्या स्तोत्रातलं गवत हेच. कोकणातल्या पावसाळी गवतावर वाढलेल्या वाचकाला ती अतिशयोक्ती वाटते. इथे ती नुसती नोंद आहे.

पहाटे निघून पहिला थांबा दरीच्या तोंडाशी, यहुदियाचा राजा हेरोद याच्या हिवाळी महालांच्या अवशेषांपाशी. ओढ्याच्या दोन्ही काठांवर महाल, स्नानगृह, बाग, त्याआधीच्या हासमोनी राजांचे हौद. आज पाहायला फारसं काही नाही. मातीच्या विटा विरघळल्यात, मधूनच रोमन पद्धतीची जाळीदार दगडी भिंत दिसते. इथे उपदेशकाचा दुसरा अध्याय वाचायचा: मी घरं बांधली, द्राक्षमळे लावले, तळी खोदली, आणि सगळं वाऱ्याच्या पाठीमागे धावणं निघालं. इथल्याच एका हौदात इ.स.पू. ३५ च्या सुमारास हेरोदाने आपल्या तरुण मेहुण्याला, महायाजक अरिस्तोबुलाला, खेळाच्या निमित्ताने बुडवून मारवलं. इ.स.पू. ४ मध्ये हेरोद स्वतःही यरीहोतच वारला. या अध्यायाला याहून चांगली टीप कुठल्या भाष्यात मिळणार नाही. पण वाचन २४ व्या वचनाआधी तोडू नये. खावं, प्यावं, आपल्या कष्टांत सुख मानावं, हे तिथे आहे. हाच सूर पुढे तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायात पुन्हा येतो. उपदेशकाला निराशावादी म्हणणारे बहुधा पहिल्या अध्यायावरच थांबलेले असतात.

तिथून दरीच्या कडेने सेंट जॉर्जच्या मठापर्यंत साधारण दोन तास. मठ सहसा सकाळीच उघडा असतो, म्हणून उशीर नको. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. खच्चर-गाढवं घेऊन बसलेले बेदुइन शेवटच्या चढासाठी मागे लागतील. घ्यायचं तर भाव आधी ठरवावा. कड्याला चिकटलेला हा ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ पाचव्या शतकातला. ६१४ मध्ये पर्शियन सैन्याच्या स्वारीत इथले साधू मारले गेले. त्यांच्या कवट्या मठात आजही लोकांना दिसतील अशा ठेवल्यात. शेजारी १९६० मध्ये वारलेल्या योहान नावाच्या रोमानियन संताचा देह काचेच्या पेटीत आहे. फोटोसाठी गर्दी करू नये. बाहेर येऊन सावलीत ९० वं स्तोत्र सबंध वाचावं, सतराही वचनं.

हे स्तोत्र मोशेच्या नावावर आहे. मोशे नबो डोंगरावरून पलीकडचा देश पाहून वारला, आत पाऊल पडलं नाही. नबो यरीहोच्या समोर, खोऱ्याच्या पलीकडे. आयुष्य सत्तर वर्षांचं, फार तर ऐंशी, आणि आमचे दिवस मोजायला आम्हाला शिकव, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. आपल्याकडे अंत्यविधीतही बऱ्याचदा बाराव्या वचनाशी थांबतात. मला ते चुकीचं वाटतं. शेवटचं वचन हातांच्या कामाला स्थैर्य मागतं, तेही दोनदा. मरणाची आठवण काढून हा म्हातारा रडत बसत नाही, उद्याच्या कामाबद्दल बोलतो. आणि मोजायचे ते दिवस. वर्षं मोजणारा पुढच्या वर्षावर ढकलू शकतो, दिवस मोजणाऱ्याला ती सोय नसते.

मठापासून वर एन केल्टच्या झऱ्यापर्यंत वाट अरुंद आहे, काही ठिकाणी पाण्याच्या पाटाच्या काठावरूनच चालावं लागतं, आणि बाजूला सरळ कडा. काठी इथे अडचणच करते, बॅगेला बांधून टाकावी. दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये रंगीत पट्टी ही वाटेची खूण. पंधरा-वीस मिनिटं खूण दिसली नाही तर मागे फिरावं. पायाखालचा चुनखडीचा चुरा घसरतो, जुन्या झिजलेल्या तळाचे बूट इथे हमखास दगा देतात.

झऱ्यापाशी उपदेशकाचा बारावा अध्याय. म्हातारपणाचं हे वर्णन कोड्यात आहे: थरथरणारे घराचे राखणदार म्हणजे हात, कमी उरलेल्या दळणाऱ्या म्हणजे दात, खिडक्यांतून पाहणाऱ्या म्हणजे डोळे, फुललेला बदाम म्हणजे पांढरे केस. वरच्या डोंगरांत जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत बदाम खरोखर फुललेला असतो, पानांच्या आधी. शेवटी झऱ्यावर घागर फुटते, विहिरीवरचं चाक मोडतं. गटात सत्तरीचं कोणी असेल तर वाचन त्यांच्याकडे द्यावं, अर्थ सांगत बसावं लागत नाही.

पुढचा टप्पा आम्ही गाडीने करतो. महामार्गाच्या कडेने चालणं धोक्याचं, आणि बेथानी गावाहून जैतुनांच्या डोंगरावर जाणारी जुनी वाट इस्रायलने बांधलेल्या विभाजक भिंतीने तोडली आहे. गाडीत पंधरा स्तोत्रं म्हणून होतात. १२७ वं, व्यर्थ कष्टांचं, जरा सावकाश.

डोंगरावरून उतरताना शेजारी यहुदी दफनभूमी पसरलेली. थडग्यांचे अंदाज ७० हजारांपासून दीड लाखापर्यंत. पाय मंदिराच्या टेकडीकडे, वर फुलांऐवजी लहान दगड. उतार तीव्र आणि फरशी गुळगुळीत, दिवसभर चढलेले गुडघे इथेच बोलतात. पावलं आखूड टाकावीत. उपदेशकाचा नववा अध्याय इथे कठड्याला टेकून वाचतो: जिवंत कुत्रा मेलेल्या सिंहापेक्षा बरा, आनंदाने आपली भाकर खा, हाताला जे काम लागेल ते सगळ्या बळाने कर, कारण अधोलोकात ना काम ना युक्ती. नंतर किद्रोनची दरी ओलांडून सिंहद्वारातून शहरात शिरायचं. जुन्या शहरात तीळ लावलेला लांबट कडी पाव मिळतो, सोबत कागदाच्या पुडीत झातर, म्हणजे सुक्या रानपाल्याचा मसाला. चार वाजेनंतर ताजा उरत नाही, म्हणून दिसेल तिथे घ्यावा.