मांडी आणि खांदा

बेस गिटार मांडीवर घ्यावी की खांद्यावर, हा प्रश्न शिकण्याच्या पहिल्या वर्षात मला पडलाच नाही. खुर्ची होती, मांडी होती आणि गिटारच्या बॉडीला कमरेपाशी जी खोलगट वळणे असतात, त्यांपैकी खालचे वळण उजव्या मांडीवर इतके बेमालूम बसत होते की, ते त्यासाठीच कोरले असावे असे वाटे. पट्टा खोक्यातच राहिला होता. पुढे चार जणांबरोबर उभे राहून वाजवण्याची वेळ आली, तेव्हा तो घाईघाईने अडकवला, हाताला लागेल तितका सैल सोडला आणि पहिल्याच ओळीत सर्वांत जाड तारेवरच्या पहिल्या फ्रेटचा, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातूच्या आडव्या रेघेचा, एफ हा स्वर चुकला. तो त्या दिवशी चुकतच राहिला. वर्षभर घोटलेली जागा एका रात्रीत कोणी हलवली, हे मला कळेना.

जागा अर्थातच हलली नव्हती. मी हललो होतो. बसल्यावर छातीच्या खालच्या फासळ्यांपाशी असणारी गिटार आता कमरेखाली लोंबत होती. डावा हात कोपरातून जवळजवळ सरळ झाला होता आणि मनगट मात्र पुढे मुडपले होते. बेसवर हा फरक गिटारपेक्षा अधिक जाणवतो, कारण तिची बहुधा 34 इंचांची तार साध्या गिटारच्या सुमारे साडेपंचवीस इंचांच्या तारेहून बरीच लांब असते. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचे अंतर गिटारवर दहा सेंटिमीटरही भरत नाही. बेसवर ते तेरा होते. मनगट सरळ असेल तर चार बोटे तेवढी कशीबशी फाकतात. मुडपलेल्या मनगटाची बोटे फाकायलाही तयार नसतात आणि दाबायलाही. त्यातच हट्टाने दाबत राहिले, तर मनगटाच्या अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या मज्जातंतूवर ताण येतो आणि मुंग्या येऊ लागतात. म्हणूनच खालच्या फ्रेट्सवर अनेक बेसवादक डबल बेसची, म्हणजे जमिनीवर उभ्या ठेवायच्या, व्हायोलिनसारख्या मोठ्या वाद्याची पद्धत वापरतात. तीत अनामिका आणि करंगळी मिळून एकाच बोटाचे काम करतात आणि हात चारऐवजी तीनच फ्रेट्स झाकतो. ही पद्धत मी नाइलाजाने शिकलो आणि मग आवडीने वापरू लागलो.

डबल बेसची गोष्ट निघालीच आहे, तर तिथे हा वाद फारसा पेटत नाही, कारण उभे राहा किंवा उंच स्टुलावर टेका, वाद्याचे वजन खालच्या दांड्यावरून जमिनीवर जाते. वादकाने फक्त त्याला सावरायचे असते. 1951 मध्ये लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस हा विजेवरचा बेस आला आणि चार तारांचा तो भार जमिनीवरून उचलून माणसाच्या अंगावर आला. लाकडाची भरीव बॉडी, लांब मान आणि त्या मानेच्या टोकाला तारा ताणायच्या लोखंडी खुंट्या, असा साधारण चार किलोंचा ऐवज सरळ गळ्यात पडला. त्या बेसच्या बॉडीचे वरचे शिंग बाराव्या फ्रेटच्या आसपास पोहोचते. मी बरेच दिवस त्याला शोभेची गोष्ट समजत होतो. पट्ट्याची खुंटी त्याच शिंगाच्या टोकाला असते, हे दिसत असूनही. पट्ट्याची ही खुंटी जितकी मानेच्या बाजूला सरकते, तितका मानेचा भार तोलला जातो.

ज्या बेसचे शिंग आखूड असते, ती उभे राहताच मान टाकते. हा वाक्प्रचार मी शब्दशः वापरतो आहे: हात सोडला की मान जमिनीकडे झुकते आणि वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला तार दाबण्याबरोबरच मान उचलून धरण्याचीही नोकरी लागते. गिब्सन कंपनीच्या थंडरबर्ड बेसची यासाठी ख्याती आहे. खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा खांद्यावर घसरत नाही म्हणून थोडा उपयोगी पडतो आणि तारांच्या हलक्या खुंट्या बसवल्या तर त्याहून अधिक, कारण टोकाला कमी केलेले थोडेसे वजनही तरफेच्या हिशेबात मोठे ठरते. वाद्यांची रचना करणाऱ्या नेड स्टाइनबर्गरने तर मानेचे टोकच काढून टाकले आणि खुंट्या दुसऱ्या बाजूला नेल्या. गंमत अशी की, त्याच्या त्या छोट्या बेसला बॉडी म्हणावी असे काही उरलेच नाही, तेव्हा बसून वाजवणाऱ्यासाठी मांडीवर टेकायला एक घडीचा पाय जोडावा लागला.

पट्टा किती लांब असावा, हा खरे तर देखणेपणाचा प्रश्न होऊन बसला आहे. न्यू ऑर्डर या बँडचा माजी बेसवादक पीटर हुक याची बेस गुडघ्यांपर्यंत लोंबते आणि लेव्हल 42 या बँडच्या मार्क किंगची छातीवर असते. दोघेही अप्रतिम वाजवतात, त्यामुळे यात नियम सांगणाऱ्याची पंचाईतच होते. तरी मनगटांना विचाराल तर त्यांचे म्हणणे स्पष्ट आहे. वाद्य फार खाली गेले की डावे मनगट मुडपते आणि फार वर घेतले की बॉडीच्या कडेवरून उतरणारे उजवे. मधली जागा कोणती, हे आरशात पाहून ठरत नाही.

बसण्याची बाजू घेताना मी थोडा पक्षपाती होतो, हे मान्य करतो. नोटेशन पाहून तासन्तास वाजवणारे स्टुडिओतील वादक बहुधा बसतात. 1960 च्या दशकात लॉस एंजेलिसमधील असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजवणारी कॅरल के बसूनच वाजवत असे. पण बसण्याचेही दोष आहेत. माणूस फ्रेट पाहायला पुढे वाकतो, मग गिटारचा पुढचा भाग आपल्याकडे तिरका करतो आणि पाठीचा कणा हळूहळू प्रश्नचिन्हासारखा होतो. गिटारच्या मानेच्या वरच्या कडेवर, न वाकता दिसतील असे बारीक ठिपके कशासाठी दिलेले असतात, हे मला पाठ दुखू लागल्यावर उमगले. आणखी एक गोष्ट कानांची आहे. जमिनीवर ठेवलेला ॲम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, उभ्या माणसाच्या पोटऱ्यांना गाणे ऐकवतो. स्वराची धार सरळ रेषेत जाते आणि कानांपर्यंत येतो तो नुसता घुमारा. मग उभा वादक आवाज वाढवतो आणि समोरच्यांना त्याची शिक्षा होते. खुर्चीत बसलेल्याला तोच ॲम्प पुष्कळ स्पष्ट ऐकू येतो.

माझ्या एफचा निकाल शेवटी एका साध्या युक्तीने लागला. खुर्चीत ताठ बसायचे, बेस मांडीवर नेहमीच्या जागी ठेवायची, पट्टा खांद्यावर घेऊन त्यातील ढिलाई जाईपर्यंत आवळायचा आणि मग वाद्याला हात न लावता उठून उभे राहायचे. बेस होती तिथेच राहते. खुर्ची तेवढी खालून निघून जाते. आता घरी बसून वाजवतानाही पट्टा खांद्यावर असतो, त्यामुळे कोणी पाहिले तर हा माणूस कुठेतरी निघायच्या बेतात आहे असे त्याला वाटावे. उभे राहिल्यावर एफ पहिल्या झटक्यात सापडतो. उजव्या मांडीला मात्र पहिल्या एक-दोन गाण्यांपर्यंत काहीतरी विसरल्यासारखे वाटत राहते.